झाकण उघडण्याआधी: धातूंच्या नॅनोकणांमध्ये काम करणाऱ्यांसाठी

कामाच्या ठिकाणी हवेत कोणते कण आहेत आणि किती आहेत हे मोजणं, हा माझा व्यवसाय. यंत्र खांद्याला लावून मी वेल्डिंगच्या शेडमध्ये फिरते, थ्रीडी प्रिंटिंगच्या खोलीत बसते, प्रयोगशाळेत वजनकाट्याशेजारी उभी राहते. जाईन तिथं पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, आमचा माल किती विषारी आहे?" मी उलट विचारते: डबा कोण उघडतं? फिल्टर कोण बदलतं? शिफ्ट संपल्यावर टेबल कोण पुसतं, आणि कशानं? एवढं कळलं की धोका कुठं दडलाय याचा अंदाज येतो. बंद यंत्र चालू असतं तेव्हा हवा पुष्कळदा बरी निघते. खरा डोस श्वासात जातो तो यंत्र सुरू होण्याआधीच्या आणि बंद झाल्यानंतरच्या काही मिनिटांत. वेल्डिंग आणि धातूची फवारणी हे याला अपवाद. तिथं काम चालू असतानाच तोंडासमोर कण तयार होत असतात.

आमच्याकडे नॅनो काही नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी

नॅनोकण म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर मापाचा कण; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. डब्यावर 'नॅनो' छापलेलं असायलाच हवं असं काही नाही. धातू इतका तापला की त्याची वाफ झाली, आणि ती वाफ थंड हवेत गोठली, की असे कण आपोआप तयार होतात. वेल्डिंग, प्लाझ्मा कटिंग, वितळलेला धातू फवारून लेप चढवणं, ओतकाम, सगळीकडे हेच घडतं. पुढे हे कण एकमेकांना चिकटून त्यांचे झुबके होतात आणि आपल्याला 'धूर' दिसतो.

धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगमध्ये, म्हणजे पावडर थराथरानं वितळवून वस्तू घडवण्यात, गंमत आहे. तिथली पावडर नॅनो नसते. लेझरच्या यंत्रात ती साधारण १५ ते ४५ मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) असते आणि विक्रेता तेवढंच सांगून मोकळा होतो. पण लेझर पडताना काही धातूची वाफ होते आणि तिची काळपट काजळी चेंबरच्या भिंतींवर नि फिल्टरमध्ये साठत जाते. नॅनो असते ती ही काजळी. अशा एका खोलीत मी यंत्र मांडून बसले होते. छपाई चालू होती तोवर आकडा जागचा हलत नव्हता. मग ऑपरेटरनं दार उघडलं, रंगकामाचा ब्रश घेतला आणि आतली काजळी झटकायला लागला. आकडा बघता बघता कित्येक पटींनी चढला. त्याच्या तोंडावर मास्क होता, पण तो हनुवटीवर.

मुद्दाम बनवलेल्या नॅनोपावडरी वेगळ्याच: चांदी, निकेल, कोबाल्ट, टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड. रंग, लेप, उत्प्रेरक, बॅटरी, इलेक्ट्रॉनिक्सची शाई अशा कामांत त्या येतात.

लहानपणामुळे काय बिघडतं

एक सेंटिमीटर बाजूचा धातूचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग ६,००० चौरस मीटर होतो. वजन तेवढंच. पेशींची गाठ पडते ती या पृष्ठभागाशी. म्हणून नुसत्या मिलिग्रॅममध्ये बोलणाऱ्या अहवालावर माझा फारसा भरवसा नसतो.

श्वासाबरोबर गेलेल्या २० नॅनोमीटरच्या आसपासच्या कणांपैकी जवळपास निम्मे थेट फुप्फुसातल्या वायुकोशांत जाऊन बसतात. श्वासनलिकेसारखी कचरा वर ढकलणारी सोय तिथं नसते. सफाई करायची ती कण गिळणाऱ्या भक्षक पेशींनी, आणि इतके बारीक कण त्यांच्या हातून निसटतात. काही कण रक्तात उतरतात. एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना सोन्याचे नॅनोकण श्वासातून दिले होते. तीन महिन्यांनंतरही त्यांच्या रक्तात आणि लघवीत सोनं सापडत होतं. उंदरांवरच्या प्रयोगांत मँगनीज ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण नाकातल्या गंधाच्या मज्जातंतूवाटे मेंदूपर्यंत पोचलेले दिसले आहेत.

प्रत्येक धातूची खोड वेगळी

झिंकपासून, म्हणजे जस्तापासून, सुरुवात करते, कारण वेल्डरला तो ओळखीचा असतो. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्यावर वेल्डिंग केलं की चार ते दहा तासांनी, म्हणजे बहुधा घरी गेल्यावर, थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं, तोंडाला धातूची चव येते. दीड-दोन दिवसांत उतरतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी हा ताप जास्त येतो, कारण रोजच्या संपर्कात शरीर थोडं सरावतं आणि सुट्टीत तो सराव मोडतो. दूध प्यायल्यानं तो टळतो ही जगभरच्या वेल्डरांची श्रद्धा आहे. दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात. 'ताप गेला म्हणजे झालं' असंही समजू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांना नॅनो झिंक ऑक्साइड घनमीटरला अर्धा मिलिग्रॅम इतक्या पातळीवर चार तास दिलं, तेव्हाही रक्तात दाहाच्या खुणा दिसल्या. अमेरिकेतली झिंक ऑक्साइडच्या धुराची कायदेशीर मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे.

याच तापाच्या वेषात कॅडमियम येतो, आणि तो जीव घेतो. कॅडमियमचा मुलामा दिलेले भाग किंवा कॅडमियम असलेली चांदीची ब्रेझिंग सळई (जोडात वितळवून भरायची) तापवल्यावर सुरुवात अगदी तशीच होते. मग एक-दोन दिवसांत फुप्फुसात पाणी भरू लागतं. म्हणून एक नियम पाठ करा: धुराच्या कामानंतर आलेला ताप उतरायच्या ऐवजी धाप वाढत असेल तर रात्र काढू नका, तडक रुग्णालय गाठा आणि 'धातूचा धूर' हे शब्द डॉक्टरांना सांगा.

निकेलबाबत मी सर्वांत कडक आहे. २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेली एक घटना: ३८ वर्षांचा निरोगी माणूस, आर्कनं वितळवलेला निकेल फवारण्याचं काम करत होता, १३ दिवसांनी फुप्फुसं निकामी होऊन गेला. त्याच्या फुप्फुसातल्या भक्षक पेशींमध्ये २५ नॅनोमीटरहून लहान निकेलचे कण सापडले. दुसरी नोंद २०१४ची, २६ वर्षांच्या रसायनतज्ज्ञ स्त्रीची. ती उघड्या टेबलावर, कोणत्याही संरक्षणाविना, निकेलची नॅनोपावडर एक-दोन ग्रॅम मोजून घ्यायची. नाक चोंदणं, घसा खवखवणं, चेहरा लाल होणं सुरू झालं. पुढे तिला कानातल्या दागिन्यांनी आणि पट्ट्याच्या बकलनंही त्वचेवर त्रास होऊ लागला. निकेलची ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभराची सोबत. "आम्ही तर चिमूटभरच वापरतो" असं कुणी म्हणालं की मी ही दुसरी गोष्ट सांगते.

बाकीचे थोडक्यात. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगच्या धुरात सहा-संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं एक विषारी रूप) असतो, तो माणसात कर्करोग घडवतो हे सिद्ध आहे. मँगनीजचा धूर वर्षानुवर्षं ओढला तर हातापायांच्या हालचाली मंदावतात, कंपवातासारखी लक्षणं येतात. टंगस्टन कार्बाइडसोबतचा कोबाल्ट फुप्फुसाचा कठीण आजार देतो. चांदी शरीरात साठून त्वचा कायमची निळसर-करडी करू शकते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा सगळाच धूर पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारक गटात टाकला. टायटॅनियम डायऑक्साइड 'शक्यता आहे' या गटात आहे.

मापामुळे किती फरक पडतो याचे दोन आकडे लिहून ठेवा. अमेरिकेच्या 'निऑश' या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेनं २०११ साली टायटॅनियम डायऑक्साइडसाठी शिफारस केली: साधी बारीक पावडर असेल तर घनमीटरला २.४ मिलिग्रॅम, अतिसूक्ष्म असेल तर ०.३. आठपट कडक. चांदीसाठी जुनी शिफारस १० मायक्रोग्रॅम होती. २०२१ साली नॅनो चांदीसाठी ०.९ मायक्रोग्रॅमची नवी शिफारस आली.

पहिलं काम: एक शिफ्ट नुसतं बघा

वही घ्या आणि मालाच्या मागोमाग फिरा, तो गाडीतून उतरतो तिथपासून कचऱ्यात जातो तिथपर्यंत. पावडर किंवा धूर हवेशी कुठं कुठं भेटतो ते लिहा. पिशवी फाडणं, चमच्यानं काढणं, वजन करणं, ओतणं, चाळणं, ढवळणं, यंत्र उघडणं, फिल्टर बदलणं, सांडलेलं गोळा करणं, रिकामी पिशवी दाबून हवा काढणं. ही शेवटची सवय फार ठिकाणी दिसते आणि कुणाच्याच यादीत नसते. प्रत्येक नोंदीसमोर लिहा: कोण करतं, किती वेळ, तोंड किती जवळ असतं. सफाई कामगार आणि मेंटेनन्सवाले विसरू नका. माझ्या अनुभवात यादीतली पहिली दोन नावं बहुधा त्यांचीच निघतात, आणि प्रशिक्षणाच्या हजेरीपटात नेमकी तीच नसतात.

सोबत पुरवठादाराकडून सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाच्या धोक्यांचं माहितीपत्रक, मागवा. विभाग ३ मध्ये 'नॅनो' रूपाचा उल्लेख आहे का, विभाग ९ मध्ये कणांचं माप दिलंय का, विभाग ८ मधली मर्यादा साध्या धातूची आहे की नॅनोची, एवढं बघा. युरोपच्या नियमांनुसार नॅनोरूप असेल तर तसं लिहावं लागतं. पुष्कळ शीट्स जुन्या, मोठ्या कणांच्या मालावरून उतरवलेल्या असतात. माप दिलेलं नसेल तर पुरवठादाराला लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत माल नॅनो आहे असंच धरून चाला.

मग हवेत जायची वाट अडवा

सर्वांत स्वस्त उपाय आधी: कोरडी पावडर नकोच. तोच पदार्थ द्रवात मिसळलेला, लगदा किंवा गोळ्यांच्या रूपात मिळतो का ते विचारा. फक्त द्रव आला म्हणून निश्चिंत होऊ नका. अल्ट्रासॉनिक यंत्र किंवा जोरदार ढवळण्यानं बारीक तुषार उडतात, आणि कडेला वाळलेला थर पुन्हा पावडरच असतो. वजन करायचं टाळायचं असेल तर आधीच मोजलेली पाकिटं मागवा.

कोरडी पावडर घ्यावीच लागत असेल तर ग्लोव्हबॉक्स, म्हणजे भिंतीतल्या मोज्यांत हात घालून काम करायची बंद पेटी, सगळ्यांत बरा. फ्यूमहूड (हवा आत ओढणारं, समोर सरकत्या काचेचं कपाट) वापरत असाल तर तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला ०.४ ते ०.६ मीटर ठेवा. जास्त वेग म्हणजे जास्त सुरक्षा, हा गैरसमज. वेग वाढला की आत भोवरे होतात आणि हलकी पावडर उलट तुमच्याकडे येते. काच शक्य तितकी खाली, हात काठापासून निदान १५ सेंटिमीटर आत, आणि हात बाहेर काढताना सावकाश. झटक्यानं काढलेला हात आपल्यामागे हवा ओढून आणतो. हूडमध्ये डबे-बाटल्यांची अडगळ करू नका.

वेल्डिंगसाठी धूर ओढणारी नळी हवी, आणि ती जवळ हवी. मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून बघा. एक्झॉस्टचं तसंच आहे. नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाएवढं दूर गेलात की ओढ साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे २० सेंटिमीटर व्यासाची नळी जोडापासून हातभर लांब टांगली असेल तर ती फक्त आवाज करते. वेल्डर पुढे सरकला की नळीही सरकली पाहिजे, आणि हे तेव्हाच होतं जेव्हा तिचा सांधा एका हातानं हलतो. घट्ट झालेला सांधा दुरुस्त करणं हे माझ्या मते नव्या पंख्याहून मोलाचं काम आहे. डोकं धुराच्या झोतात घालून वेल्डिंग करू नका, बाजूला सरका. याला पैसे लागत नाहीत. झिंक, कॅडमियमचा मुलामा किंवा रंग असेल तर जोडाजवळचा भाग आधी साफ करून घ्या, आणि त्या साफसफाईलाही धूळ ओढायची सोय लावा.

ओढलेली हवा खोलीतच परत सोडत असाल तर हेपा फिल्टर, म्हणजे अतिबारीक कणही अडवणारा फिल्टर, अत्यावश्यक. साध्या पंख्यानं धूर फक्त शेजाऱ्याकडे जातो.

सफाई: इथंच सगळं हातचं जातं

झाडू नाही. एअर गन नाही, कपडे झटकायलाही नाही. ओल्या फडक्यानं, एकाच दिशेनं पुसायचं, फडकं घडी करून मळलेली बाजू आत ठेवायची आणि झाकणाच्या डब्यात टाकायचं. व्हॅक्यूम वापरायचा तर हेपा फिल्टरचाच.

आता एक मोठा 'पण'. ॲल्युमिनियम, टायटॅनियम, मॅग्नेशियम, काही वेळा लोखंडसुद्धा, इतक्या बारीक रूपात पेट घेतात. काही नॅनोपावडरींना १ मिलिज्यूलहूनही कमी ऊर्जेची ठिणगी पुरते, आणि कोरड्या हवेत माणसाच्या अंगावरच्या स्थिर विजेतही त्याहून जास्त असते. अशा पावडरीसाठी साधा हेपा व्हॅक्यूम म्हणजे चाकांवरचा बॉम्ब; अर्थिंग केलेला, ज्वालाग्राही धातूच्या धुळीसाठी प्रमाणित असलेलाच हवा. कपडे, बूटही स्थिर वीज न साठवणारे. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची ओली धूळ पाण्याशी हळूहळू क्रिया करून हायड्रोजन सोडते, तेव्हा तो कचरा घट्ट बूच लावून कोपऱ्यात ठेवू नका. हवा जाणारं झाकण वापरा आणि लवकर बाहेर काढा. आग लागली तर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही. धातूच्या आगीसाठीची 'डी' वर्गाची पावडर किंवा कोरडी वाळू अलगद पसरायची. जोरानं मारली तर पेटती धूळ उडते. प्रिंटरचा काजळीनं भरलेला फिल्टर बदलताना उत्पादकाची पुस्तिका समोर उघडी ठेवा. हवा लागताच पेटू शकणारी वस्तू तुमच्या हातात असते.

मास्कबद्दल दोन गैरसमज

पहिला: एवढे बारीक कण मास्कमधून आरपार जातात. जात नाहीत. फार लहान कण हवेत सरळ न जाता सैरावैरा भटकतात आणि फिल्टरच्या धाग्यांना आदळून चिकटतात. चांगला एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क नॅनोकणही अडवतो. निकेल, कोबाल्ट, क्रोमियम असेल तर मी पी-१०० फिल्टरचा, नाक-तोंड झाकणारा रबरी हाफमास्क सांगते, तो ९९.९७ टक्के कण अडवतो. शस्त्रक्रियेचा पातळ मास्क आणि रुमाल यांची यात गणतीच नाही.

दुसरा: मास्क घातला म्हणजे झालं. कण फिल्टरमधून येत नाहीत, गालाच्या फटीतून येतात. नीट बसलेला हाफमास्कसुद्धा आतली पातळी बाहेरच्या दहाव्या भागावर आणतो, असंच हिशेबात धरतात. दाढी असेल तर तेवढंही नाही. माणूस बदलला की मास्कचं माप बदलतं, म्हणून प्रत्येकाची फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्यावर फटीविना बसतो का याची चाचणी, करा. दाढी ठेवायचीच असेल तर बॅटरीवर हवा पुरवणारा, डोक्यावरून घ्यायचा हूड द्या. वाद घालण्यापेक्षा ते सोपं पडतं.

हातात नायट्राइलचे मोजे, पावडरीसाठी दुहेरी, बाहीवर चढणारे. सुती कोट नको. पावडर धाग्यांत बसते आणि कोटासोबत घरी जाते. कामाच्या खोलीत खाणंपिणं नाही, फोनही बाहेर.

मोजायचं असेल तर

हातात धरायचा कणमापक एका घनसेंटिमीटर हवेत किती कण आहेत ते सांगतो. कुठल्या धातूचे ते सांगत नाही. डिझेलची गाडी गेली, कुणी हीटर लावला, तरी आकडा चढतो. म्हणून काम सुरू होण्याआधी बराच वेळ नुसती पार्श्वभूमी मोजा, मग वहीतली एकेक कृती होताना मोजा, आणि आकडा जिथं उडी मारतो तिथं फिल्टरवर नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत धातूच्या तपासणीसाठी पाठवा. मर्यादा ठरलेली नसेल तेव्हा युरोपात वापरले जाणारे कामचलाऊ आकडे उपयोगी पडतात: चांदीसारख्या जड धातूंच्या न विरघळणाऱ्या कणांसाठी आठ तासांच्या सरासरीत घनसेंटिमीटरला २०,०००, टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या हलक्यांसाठी ४०,०००. याच्या खाली म्हणजे निर्धोक, असं नाही. याच्या वर असेल तर मात्र चर्चा थांबवून एक्झॉस्ट दुरुस्त करा.

यंत्र नसेल तर अडून बसू नका. काळोखात तिरप्या टॉर्चच्या झोतात धूर कुठं जातो ते चांगलं दिसतं. एकेकटे नॅनोकण दिसत नाहीत, पण हवेचा प्रवाह कळतो, आणि वेल्डरला पटवायला तेवढं पुरतं.

डॉक्टरांकडे जाताना

कामाला लागण्याआधीच फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी करून घ्या. पुढे काही बिघडलं तर तुलना कशाशी करणार? निकेल, कोबाल्ट, क्रोमियमसाठी लघवीची तपासणी होते. ती आठवड्याच्या शेवटच्या शिफ्टनंतर द्यावी. आधीपासून दमा किंवा निकेलची ॲलर्जी असलेल्याला कोरड्या पावडरीपासून दूर ठेवा. पगार तोच ठेवून, नाहीतर तो ते लपवेल.

आणि डॉक्टरांना हातात एक कागद द्या: कोणता धातू, पावडर की धूर, कणांचं माप, कोणती कामं, कोणत्या वर्षापासून, त्रास सुट्टीच्या दिवशी कमी होतो का. या कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा, नोकरी सोडताना तर नक्कीच. यातले काही आजार वीस-तीस वर्षांनी उगवतात, आणि तोवर तो डबा, ती खोली, कधीकधी ती कंपनीही राहिलेली नसते.